फेवर-ल्युबा, डीप ब्ल्यू, बाथी आणि आजोबांचं सी किंग : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चवथीला घरं साफ करायला काढली की कुणाच्या ना कुणाच्या कपाटात एक जुनं घड्याळ सापडतं आणि दुसऱ्या दिवशी मला फोटो येतो, "बघ रे, हे पाण्यात चालेल काय?" फोंड्याचे, डिचोलीचे, वास्कोचे, सगळ्यांचे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. मी घड्याळजी नाही, हौशी आहे. पण गेली बरीच वर्षं फेवर-ल्युबा या एकाच स्विस घड्याळ कंपनीच्या मागे लागलोय, त्यामुळे जे नक्की माहीत आहे तेवढंच खाली आहे.

प्र. नाव नक्की कसं म्हणायचं?

मूळ फ्रेंच उच्चार "फाव्र लबा"च्या जवळ जातो. पण आपल्याकडे तीन पिढ्या "फेवर ल्युबा" म्हणत आल्यात, जुने लोक तर एका दमात "फेवरलुबा" म्हणायचे. मी पण फेवर-ल्युबाच म्हणतो, स्वित्झर्लंडवाल्यांना वाईट वाटायचं काही कारण नाही.

प्र. आजोबांकडे "सी किंग" आहे, नावात सी आहे म्हणजे हे डायव्हिंगचं घड्याळ ना?

नाही. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त घड्याळं याच गैरसमजापायी मेलीत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सी किंग, सी चीफ, सी रेडर, सी बर्ड, ही सगळी नावं समुद्राची आहेत, पण यातली आपल्याकडे घरोघरी होती ती बहुतेक साधी चावी द्यायची, रोज ऑफिसला घालायची घड्याळं. त्या काळात "वॉटरप्रूफ" हा शब्द मोठा होता, पावसात भिजलं तरी बंद पडत नाही एवढंच लोकांना हवं असायचं, आणि समुद्राचं नाव दिलं की घड्याळ टणक वाटतं. डबी, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, पातळ, चावी साधी दाबून बसणारी, काचेभोवती फिरणारी कडी नाही, अंधारात पाण्याखाली वाचता येईल असा मोठा चमकणारा डायल नाही. मग ते डायव्हिंगचं कसं असेल? नावाड्याचं नाव लावलं म्हणून होडी चालवता येत नाही.

आणि समजा तेव्हा थोडंफार पाणी रोखत होतं असं धरलं तरी आत जे रबर आहे ते साठ वर्षांपूर्वीचं. ते एकतर दगडासारखं कडक झालंय नाहीतर डांबरासारखं वितळलंय, मी दोन्ही बघितलंय. त्यामुळे आजोबांचं सी किंग घालून मिरामारला पाय भिजवायला जा हवं तर, पण हात पाण्यात घालू नका. नळाखाली भांडी घासताना सुद्धा काढून ठेवा.

प्र. मग यांचं खरं डायव्हिंगचं घड्याळ कुठलं?

दोन नावं लक्षात ठेवा. १९६४ चं डीप ब्ल्यू आणि १९६८ चं बाथी.

थोडी मागची गोष्ट सांगतो. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंचांनी अ‍ॅक्वालंग बनवलं, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन मोकळं पोहता यायला लागलं. आता टाकीत हवा किती वेळ पुरेल याचा हिशोब पाण्याखालीच ठेवायचा तर मनगटावर भरवशाचं घड्याळ हवं, नाहीतर जीव जातो. १९५३ मध्ये ब्लांकपां या स्विस कंपनीनं फिफ्टी फॅदम्स नावाचं डायव्हिंग घड्याळ आणलं, रोलेक्सचं सबमरिनर पण त्याच साली. हे फॅदम म्हणजे आपले खारवी खोली मोजायला वापरतात तो "वाव". दोन्ही हात पसरले की एक वाव, साधारण १.८३ मीटर. पन्नास वाव म्हणजे ९१ मीटरच्या आसपास. घड्याळाचं नाव मराठीत "पन्नास वाव" ठेवलं असतं तर आमच्या बेतुलच्या लोकांना लगेच कळलं असतं.

या लाटेत दहा वर्षांत सगळ्याच स्विस कंपन्यांनी उडी मारली. फेवर-ल्युबाचं डीप ब्ल्यू १९६४ चं, २०० मीटरपर्यंतचं, त्या काळातल्या चांगल्या डायव्हिंग घड्याळात असायला हवं ते सगळं असलेलं. चांगलं घड्याळ, पण खरं सांगायचं तर त्यात जगावेगळं काही नव्हतं. जगावेगळं पुढे आलं.

प्र. बाथी म्हणजे काय आणि त्याचं एवढं कौतुक का?

कारण ते वेळेबरोबर खोली सांगायचं. सेल नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, १९६८ साल आणि मनगटावरच्या काट्याने दाखवायचं की तुम्ही आत्ता किती मीटर खाली आहात. बुडण्याचा वेळ आणि खोली दोन्ही दाखवणारं पहिलं मेकॅनिकल मनगटी घड्याळ म्हणून ते ओळखलं जातं.

हे चालतं कसं ते समजून घेतलं तर मजा येते. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक बार दाब वाढतो, म्हणजे वर डोक्यावर जेवढी हवा आहे तिचा जेवढा दाब तेवढाच अजून एक. बाकी सगळी घड्याळं हा दाब बाहेर ठेवायला धडपडतात. बाथीने उलटं केलं, पाठीमागच्या झाकणाला भोकं ठेवली आणि पाण्याला मुद्दाम आत घेतलं! पण मशीनपर्यंत नाही. मध्ये धातूचा एक पातळ पडदा आहे, पाणी त्या पडद्याला दाबतं, पडदा आत वाकतो, किती वाकला ते बारीक यंत्रणेतून काट्यापर्यंत पोहोचतं आणि काटा खोलीच्या आकड्यांवर सरकतो. वर आलात की पडदा सरळ, काटा शून्यावर. दाब मोजायच्या पडद्याच्या वर कोरडं घड्याळ बसवलेलं आहे असं समजा.

ही कल्पना त्यांना आकाशातून पडली नव्हती, डोंगरावरून आली होती. १९६२ मध्ये त्यांनी बिव्हुआक नावाचं घड्याळ काढलं, त्यात उंची सांगणारी बॅरोमीटरची डबी बसवली होती, ३००० मीटरपर्यंत. १९६४ मध्ये वॉल्टर बोनाती आणि मिशेल वोशे हे गिर्यारोहक आल्प्समधल्या ग्रांद जोरास डोंगराच्या भिंतीवर ते घालून चढले. तर हवेचा दाब मोजता येतो मग पाण्याचा का नाही, असा तो सरळ विचार.

एक गंमत, बाथीचे दोन प्रकार होते, बाथी ५० आणि बाथी १६०. लोकांना वाटतं १६० वालं तिप्पट खोल जातं. नाही हो, ५० मीटर आणि १६० फूट, जवळपास तेवढंच! एक मीटरवाल्यांसाठी, एक फूटवाल्यांसाठी.

प्र. कंपनी स्विस, मग आपल्याकडेच एवढी कशी पसरली?

कारण ती आपल्याकडे इतर बहुतेकांच्या आधी आली. सुरुवात ल लोक्ल या गावातली, १७३७ च्या कागदात अब्राहम फाव्र नावाच्या घड्याळजीचा उल्लेख आहे, कंपनी तेच साल आपलं जन्मसाल म्हणून लावते. १८१५ मध्ये फाव्र आणि ल्युबा ही दोन घराणी एकत्र आली म्हणून जोडनाव. आणि १८६० च्या दशकात फ्रिट्झ फाव्रने भारताचा बाजार धरला, मुंबईला बस्तान बसलं. म्हणजे एचएमटीच्या शंभर वर्षं आधी हे लोक इथे घड्याळ विकत होते. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंगळूरला १९६१ मध्ये आला, जपानच्या सिटीझनच्या मदतीने.

आता गोव्याची गोष्ट वेगळी, ती बाहेरच्यांना माहीत नसते. पोर्तुगीज काळात इथे परदेशी माल सहज यायचा. १९५० च्या दशकात भारताने आर्थिक नाकेबंदी केली तरी घड्याळं, पेनं, दारू बाहेरून येतच राहिली, उलट पलीकडे या वस्तू महाग आणि दुर्मिळ म्हणून गोव्यातून चोरून सीमापार जायच्या. बांदा, पत्रादेवीकडच्या घरांत म्हाताऱ्यांना विचारा, पोटाला घड्याळं बांधून रानातून जाणाऱ्यांच्या गोष्टी अजून ऐकायला मिळतात. १९६१ नंतर आपण भारतात आलो आणि आयातीचे नियम इथेही लागले. मग घड्याळ यायचं ते बोटीवरच्या माणसाकडून. आमचे थोरले काका बोटीवर होते, आठ-नऊ महिन्यांनी यायचे, त्यांची ट्रंक उघडली की आजूबाजूची पोरं गोळा. घरातलं सी किंग त्यांनीच आणलेलं, आजोबांनी ते मरेपर्यंत घातलं, रोज सकाळी देवपूजा झाली की चावी.

म्हणून सांगतो, जगात संग्राहक लोक फेवर-ल्युबा म्हटलं की बाथी आणि बिव्हुआक म्हणतात, आणि आपल्याकडे फेवर-ल्युबा म्हटलं की लग्नात सासऱ्याने दिलेलं घड्याळ आठवतं. एकाच नावाच्या या दोन अगदी वेगळ्या आठवणी आहेत, आणि पुढे कंपनी परत उभी करताना सगळा घोळ इथेच झाला असं माझं मत आहे.

प्र. एवढी मोठी कंपनी गेली कुठे?

क्वार्ट्झने खाल्ली. १९६९ च्या नाताळात सेकोने सेलवर चालणारं अ‍ॅस्ट्रॉन काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्वस्त आणि अचूक सेलच्या घड्याळांनी अर्धं स्वित्झर्लंड झोपवलं. फेवर-ल्युबा घराण्याच्या हातातून १९८५ मध्ये गेली, मग हात बदलत राहिली. आपल्याकडे तोवर टायटन आलंच होतं. आणि गंमत बघा, ज्या टायटनच्या क्वार्ट्झने आपल्याकडची चावीची घड्याळं कपाटात घातली त्याच टायटनने २०११ मध्ये फेवर-ल्युबा विकत घेतली.

प्र. टायटनने काय केलं मग? कधी दुकानात दिसलं नाही.

केलं, आणि माझ्या मते जरा धाडसीच केलं. रेडर नावाची मालिका काढली. त्यात बाथी १२० मेमोडेप्थ होतं, जुन्या बाथीचा खरा वारसदार. पाणी आत घेऊन पडदा वाकवायची तीच युक्ती, पण १२० मीटरपर्यंत, आणि वर एक नवीन गोष्ट म्हणजे तुम्ही जास्तीत जास्त किती खोल गेलात ते एक वेगळा काटा लक्षात ठेवतो, वर आल्यावर बघायचं आणि बटण दाबून पुसायचं. अजून एक हार्पून होतं, ५०० मीटरचं, ज्यात मिनिटांवरच सगळा भर, कारण पाण्याखाली तास कोण बघतो. रेडर डीप ब्ल्यू ३०० मीटरचं. बिव्हुआक ९००० पण काढलं, एव्हरेस्टच्या वरपर्यंत उंची दाखवणारं.

अडचण काय झाली, बाथी १२० ची डबी ४८ मिलिमीटरची. टायटॅनियमची असली तरी ४८ म्हणजे आपल्या मनगटावर पेल्याचं झाकण ठेवल्यासारखं. मी मुंबईत एकदा हातात घालून बघितलं, शर्टाची बाही वर जाईना. इंजिनीअरिंगला पैकीच्या पैकी मार्क, पण ज्या भारतीय गिऱ्हाइकाच्या मनात आजोबांचं चपटं सी किंग आहे तो हे कशाला घेईल? आणि ज्या डायव्हरला खोली बघायचीय तो मनगटावर डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे खोली आणि वेळ मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, बांधतो. दोघांच्या मधे पडलं ते. टायटनने पुढे काम गुंडाळलं.

प्र. आणि आता जे नवीन आलंय ते?

आता नाव इथॉस समूहाकडे आहे, घड्याळांची मोठी दुकानं असलेली आपल्याकडचीच कंपनी, त्यांच्या सिल्व्हरसिटी ब्रँड्स या स्विस कंपनीमार्फत. प्रमुख म्हणून पॅट्रिक हॉफमन आले, जे आधी युलिस नार्दां या स्विस घड्याळ कंपनीत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हा वॉच डेज या प्रदर्शनात नवीन घड्याळं मांडली, चीफ, डीप ब्ल्यू आणि सी स्काय.

यावेळी रस्ता उलटा आहे. मोठ्या यंत्रणा नाहीत, आकार आटोपशीर, डीप ब्ल्यू तर जुन्या फोटोतून उचलून ठेवल्यासारखं दिसतं. दिसायला सुरेख, वाद नाही. पण मला एक खटकतं ते बोलतो. या कंपनीची पाण्यातली खरी कमाई खोली दाखवणारा काटा ही होती, आणि नेमकं तेच यात नाही. डीप ब्ल्यू हे १९६४ मध्ये पण "चांगलं, इतरांसारखं" होतं आणि आता पण चांगलं, इतरांसारखं आहे. पन्नास कंपन्या आज १९६० च्या दशकातल्या डायव्हिंग घड्याळाची नक्कल स्वतःच्याच कपाटातून काढतायत, त्या रांगेत हे एक. उद्या जर यांनी बाथीचा पडदा या लहान डबीत बसवून दाखवला, तर मी कर्ज काढीन. बायकोने हे वाचलं तर मी लिहिलंच नाही असं समजा.

प्र. स्विस घड्याळं स्वस्त होणार म्हणतात ते खरं का?

स्वित्झर्लंडसकट चार देशांबरोबरचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने खाली येणार आहे, एका झटक्यात नाही, काही वर्षांत. त्यामुळे थांबून फार काही हाताला लागेल असं वाटत नाही, कंपन्या किमती वाढवत असतातच.

प्र. ऑनलाइन एकदम नवंकोरं दिसणारं जुनं फेवर-ल्युबा स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

थांबा. आधी हे वाचा.

जगभरचे संग्राहक अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. जुना डायल खरवडून त्यावर नवीन रंग मारायचा, निळा, केशरी, दोन रंगी, काय वाट्टेल ते, आणि वर नाव छापायचं. डबी एकाची, मशीन दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे, चावी कुठलीतरी. चालतं ते, वेळ पण दाखवतं, आणि नुसतं घालायला हवं असेल व तेवढ्याच पैशात मिळत असेल तर घ्या बापडे. पण "अस्सल विंटेज" म्हणून पैसे देऊ नका.

ओळखायचं कसं ते मी असं बघतो. आधी अक्षरं, मोठं करून बघा, अस्सल छपाईत अक्षरांच्या कडा सुरीसारख्या असतात, रंगवलेल्यात शाई पसरलेली, ओळ जराशी तिरकी. वाळूच्या घड्याळाचा जो लोगो आहे तो बऱ्याच वेळा जाड किंवा वाकडा काढलेला असतो. खाली सहाच्या जवळ स्विसचं नाव अर्धवट किंवा भलतीकडे सरकलेलं. मिनिटांच्या रेघा आणि काट्याचं टोक जुळतात का बघा, काटा रेघेपर्यंत पोहोचत नसेल तर काटे बदललेत. डायल आरशासारखा नवा आणि डबीच्या कडा घासून साबणासारख्या गोल, हे तर सगळ्यात मोठं लक्षण, कारण माणूस म्हातारा आणि दात मात्र नवे असं होत नाही, झालं तर कवळी असते.

आणि "डीप ब्ल्यू" किंवा "बाथी" नुसतं डायलवर लिहिलेलं असेल तर अजून सावध. बाथीला पाठीमागे पाणी आत जायची भोकं हवीत आणि डायलवर खोलीचे आकडे हवेत. ते नसेल तर ते बाथी नाही, विकणारा काहीही म्हणो. मशीनचा फोटो मागा, पाठ उघडून. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

मी स्वतः पहिलंच जे घेतलं ते असलंच होतं, हे पण सांगून टाकतो. फिरोजी रंगाचा डायल बघून भुललो. मशीन मात्र खरं निघालं, ते आता सुट्या भागांसाठी डबीत ठेवलंय.

प्र. ट्विन पॉवर लिहिलंय ते काय?

मशीनमध्ये स्प्रिंगचे दोन पिंप, म्हणजे दोन बॅरल. एका मोठ्या स्प्रिंगऐवजी दोन, त्यामुळे ताकद सारखी मिळते आणि मशीन पातळ ठेवता येतं. फेवर-ल्युबाची ही खरी कमाल. चांगल्या स्थितीतलं असेल तर एक दिवस चावी द्यायला विसरलात तरी चालतं राहतं. मात्र असं मशीन उघडायला हात शिकलेला हवा, नवशिक्याला देऊ नका.

प्र. अंधारात चमकणारा जुना डायल, रेडियम असतं म्हणे, धोका आहे का?

जुन्या घड्याळांत रेडियम असायचं, १९६० च्या दशकात ते हळूहळू सोडून ट्रिटियम वापरायला लागले. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे किरणं निम्मी व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षं, म्हणजे चमक गेली तरी किरणं गेलेली नसतात, चमक जाते कारण त्यातला चमकणारा पदार्थ जळतो. काचेच्या आत बंद असताना हातात घालून घाबरायचं काही नाही, पण काच काढून डायलवरची पिवळी पावडर नखाने खरवडू नका, फुंकू तर अजिबात नका. ती धूळ श्वासात जाणं हाच खरा धोका. ट्रिटियमचं अर्धायुष्य साडेबारा वर्षांपेक्षा थोडं कमी, त्यामुळे साठीतलं ट्रिटियम आज जवळपास मेलेलंच. डायलवर खाली स्विसच्या दोन्ही बाजूला टी असेल तर ट्रिटियम. आणि तुमचं साठीतलं घड्याळ रात्री ट्यूबलाइटसारखं चमकत असेल तर कुणीतरी नंतर रंग भरलाय.

प्र. नवीन डीप ब्ल्यू किंवा दुसरं कुठलं डायव्हिंग घड्याळ घालून गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर डायव्हिंगला गेलो तर चालेल?

चालेल, त्यासाठीच बनवलंय. आपल्याकडे ग्रँड आयलंडच्या बहुतेक डायव्ह १५ मीटरच्या आत आटपतात, २०० किंवा ३०० मीटरवाल्या घड्याळाला ते म्हणजे नुसती आंघोळ. पण आकड्याबद्दल एक समजून घ्या. डायलवर "३० मीटर" लिहिलेलं साधं घड्याळ ३० मीटर खाली न्यायचं नसतं, ते हात धुताना उडालेल्या पाण्यापुरतं. डायव्हिंगच्या घड्याळाचा वेगळा स्टँडर्ड आहे, आयएसओ ६४२५, त्यात कमीत कमी १०० मीटर, लिहिलेल्या आकड्यापेक्षा पाव पट जास्त दाब देऊन तपासणी, खाऱ्या पाण्याची परीक्षा, आणि काळोखात २५ सेंटिमीटरवरून वाचता यायला हवं. डायलवर "डायव्हर्स" असा शब्द असेल तर तो याच स्टँडर्डमधून आलेला असतो.

आणि हे सगळं घड्याळ नवं असताना. हा आकडा डायलवर छापलेला असला तरी तो खरा रबराचा आकडा आहे. रबर म्हातारं झालं की आकडा नुसता शाई. माझंच एक दुसऱ्या कंपनीचं चांगलं डायव्हिंग घड्याळ होतं, सेल बदलायला एका दुकानात दिलं, पाच मिनिटांत बदलून हातात. विचारलं पण नाही की रबर बदललं काय, दाब तपासला काय. दुसऱ्या रविवारी बोटीवर गेलो, दहा मीटरवर असताना काचेच्या आत वाफ दिसली, वर येईपर्यंत थेंब. खारं पाणी आत गेलं की एका रात्रीत गंज चढतो, दुसऱ्या दिवशी काट्यांच्या बुडाला तांबूस. गेलं ते घड्याळ. तेव्हापासून पाठ उघडली की दाब तपासून घेतल्याशिवाय मी पाण्यात नेत नाही.

अजून एक, पाण्यात असताना चावी ओढायची नाही, बटणं दाबायची नाहीत. आणि काचेभोवतीची कडी उलटी फिरत नाही म्हणून घड्याळ बिघडलंय असं समजून मला फोन करू नका. ती एकाच बाजूला फिरते ते मुद्दाम, चुकून धक्का लागला तरी तुमचा पाण्यातला वेळ जास्तच दाखवेल, कमी दाखवणार नाही, म्हणजे लवकर वर याल.

प्र. पण डायव्ह कॉम्प्युटर असताना घड्याळ कशाला?

गरज नाही. खरंच नाही. ट्रेनरला विचारा, तो पण हेच सांगेल. कॉम्प्युटर बंद पडला तर हाताशी वेळ असावी म्हणून काही जण दुसऱ्या मनगटाला घालतात, बाकी सगळी हौस.

प्र. आत पाणी गेलं तर तांदळात ठेवू का?

नको. तांदळाची पावडर आत जाईल ती वेगळीच. गोडं पाणी असेल तर त्याच दिवशी घड्याळजीकडे, खारं असेल तर त्याच तासाला. रविवार असला तर त्याच्या घरी जा.

प्र. पावसाळ्यात जुनं घड्याळ कसं ठेवायचं?

गोव्याचा जून ते सप्टेंबर म्हणजे घड्याळांचा शत्रू. चामड्याच्या पट्ट्याला आठ दिवसांत बुरशी, डायलवर ठिपके, डबीच्या मागे हिरवं. मी पट्टे काढून ठेवतो, घड्याळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, पुड्या महिन्याने बदलायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकायचं नाही, आतला दमटपणा आतच राहतो. नॅप्थलीनच्या गोळ्यांपासून लांब. आणि आठवड्यातून एकदा चावी द्यायची, तेल एका जागी बसू नये म्हणून. वास्को, बोगमाळो, कांदोळी, असं अगदी समुद्राला लागून घर असेल तर वर्षभर हेच, कारण तिथे हवेतच मीठ असतं.

प्र. चावी किती द्यायची?

हाताला अडली की थांबायचं. रोज एकाच वेळी. "जास्त चावी देऊन बिघडलं" असं म्हणतात ते बहुतेक वेळा वाळलेल्या तेलाचं पाप असतं.

प्र. चांगला घड्याळजी कसा ओळखायचा?

नावं मी देत नाही, देऊन दोन वेळा तोंडघशी पडलोय. पण म्हापशात, मडगावात, पणजीत जुन्या बाजारात अजून बसणारे आहेत, डोळ्याला भिंग लावलेले, समोर काचेचा छोटा घुमट. त्याला विचारा, "सर्व्हिसिंग करताना पूर्ण मशीन खोलणार का?" जो म्हणेल "कशाला, पेट्रोलमध्ये बुडवून देतो", त्याला नमस्कार करून निघा. दुसरं म्हणजे आधीच स्पष्ट सांगा की डायल रंगवायचा नाही, डबी घासायची नाही. हे सांगितलं नाही तर तो प्रेमानेच चकचकीत करून देईल, आणि आजोबांच्या हातावरचे सगळे ओरखडे गेले म्हणून तुम्ही रडत बसाल. बदललेला प्रत्येक भाग परत मागून घ्या, मोडका असला तरी.

प्र. किंमत सांगा ना, विकायचंय.

फोटोवरून सांगत नाही. आणि साधं सी किंग असेल तर खरं सांगू का, जे पैसे येतील त्यात घरच्यांचं एक वेळचं हॉटेलातलं जेवण होईल. ठेवा घरात.

प्र. मग जुनं घेऊ की नवीन?

पाण्यात जायचं असेल तर नवीन, यावर चर्चा नको. रोज घालून मिरवायचं असेल तरी नवीन, सर्व्हिसिंगची कटकट नाही. जुनं डीप ब्ल्यू किंवा बाथी घ्यायचं असेल तर ते कोरडं ठेवायची तयारी हवी, म्हणजे डायव्हिंगचं घड्याळ घेऊन आयुष्यभर पाण्यापासून पळायचं. वेडेपणा वाटतो ना? आहेच. बाथीच्या पडद्याचं काम करणारा माणूस इथे शोधायला गेलात तर सापडणार नाही, आणि तो एकदा फाटला तर खोलीचा काटा शून्यावर झोपून राहतो, उरतं ते एक जाड डबीचं साधं घड्याळ.

घरात आधीच असेल तर मात्र प्रश्नच येत नाही. तेच.

प्र. तुमच्याकडे बाथी आहे का?

नाही. दोनदा हातात आलं, दोन्ही वेळा पाठ उघडल्यावर परत ठेवलं. सध्या मनगटावर आजोबांचं सी किंगच आहे, दिवसाला तीन मिनिटं मागे पडतं, आणि आज सकाळी चावी द्यायला विसरलो तरी अजून चालूच आहे.